सुभद्रेचा पाय

वसईजवळच्या गिरीज गावातल्या वाडीत सुभद्रा दिवसभर उकिडवी बसून भाजीचे वाफे निंदायची. एका हंगामात तिचा उजवा पाय लुळा पडू लागला. चप्पल निसटली तरी तिला कळायचं नाही. वसईच्या डॉक्टरांनी मणक्याचा आजार सांगितला. ऑपरेशन केलं तरी चालता येईलच असं नाही, म्हणाले. घरी येऊन तिने नवऱ्याला, भालचंद्रला, भात शिजवायला शिकवलं. 

ऑपरेशनआधी मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला, बोटाने ठोकून पाहिलं. पावलापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"मणका चांगला आहे. उकिडवं बसून इथली शीर दबलीय. थोडे दिवस तसं बसू नका, पाय सुधारेल."

पाय हळूहळू सुधारला. एका सकाळी ती खुरपं शोधत वाफ्यांकडे गेली, तर भालचंद्र लाकडी पाटावर बसून निंदत होता.

"उठा आता. डॉक्टर 'थोडे दिवस' बोलले होते."

"असं?" तो मान वर न करता म्हणाला. "मला 'जन्मभर' ऐकू आलं."