थोर

निजामाचं राज्य गेलं, पण जत्रेला देवीपुढं रेडा कापायचा रिवाज काही गेला नाही. यंदा गावानं गोरोबाचा हल्या, म्हणजे रेडा, ठरवला. पोथीतून काही सुटका निघते का बघावं, म्हणून गोरोबा शाळेच्या वसंतराव मास्तरांकडं गेला.

"गुरुजी, संस्कृतात हल्याला काय म्हणत्यात?"

"महिष. मूळ अर्थ थोर, बलवान."

"थोर हाय, मंग कापत्यात कशाला?"

गोरोबा घरी आला, तर पंच रेड्याला हार घालून पाया पडत होते. मुरूमच्या बाजारातून आणलेला दुसरा हार पाटलांनी गोरोबाच्या गळ्यात घातला.

"गोरोबा, तुमच्यासारखा थोर माणूस गावात न्हाय!"

गोंधळलेल्या गोरोबानं हाराखाली हात घालून हळूच आपली मान चाचपली.