खालची फळी

दुकानात कमी साखरेचे प्रोटीन बार नेमके सगळ्यांत खालच्या फळीवर होते. सवयीने काकूच वाकायला निघाल्या, पण काकांनी त्यांना थांबवलं. काकांच्या वजन कमी करायच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं होतं. काका चक्क उकिडवे बसले आणि एकेका बारवरची बारीक अक्षरं वाचू लागले.

"एवढा अभ्यास शाळेत केला असतात तर!" काकू म्हणाल्या. "मिळाला ना मनासारखा? उठा आता."

"उठतो. पाय पुढे कर जरा, लेस सुटलीय तुझ्या बुटाची."

पोट आडवं यायचं म्हणून बारा वर्षं काकांच्या बुटांच्या लेस रोज सकाळी काकूच बांधत आल्या होत्या. काकांनी गाठ घट्ट मारली आणि तसंच खालून वर बघत विचारलं,

"रोज एवढं खाली बसायचीस होय गं तू?"