पहिल्या पानावरची बाई

"ताई, पहिल्या पानावरची बाई आणि ही बाई एकच का?"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा प्रश्न हेडफोनमध्ये आला आणि माइकसमोर कादंबरी वाचणारी ती सदतिसाव्या पानावर अडकली.

"एकच की. कादंबरीतली नटी. का?"

"सुरुवातीला नुसती फणफणत होती. आता तुमची बालमैत्रीण असल्यासारखी बोलतेय."

चूक तिचीच होती. पुस्तक रेकॉर्ड करायचं तर ते आधी घरी वाचून यायचं, हा या कामातला पहिला धडा. पण तिच्या आठ महिन्यांच्या छकुलीने आठवडाभर पुस्तकाला हात लावू दिला असता तर ना! मुखपृष्ठावर आरशात बघणारी नटी, मागे 'एका महत्त्वाकांक्षेची कहाणी'. एवढ्यावर तिने ठरवून टाकलं, बया शेफारणार, घरादाराला लाथ मारणार आणि शेवटी तोंडावर आपटणार. म्हणून पहिल्या ओळीपासून नटीला खाष्ट, आंबट आवाज दिला.

आणि बया आपटेचना! या पानावर अपघात होईल, पुढच्यावर पश्चात्ताप होईल, म्हणून ती वाट बघत होती. नटीने मात्र दिग्दर्शकाला सरळ सांगितलं, मोठी भूमिका मला हवीय. ती मिळवली, घरी आली आणि पोटभर जेवून झोपली. तिथे वाचता वाचता तिला चक्क हसू फुटलं होतं. का, ते तिचं तिलाच कळेना. असल्या बायका तिला आवडत नसत. निदान आजवर तिचा तसा समज होता.

"काय करू, सांगा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाचला तुमच्या आवाजाचा नमुना निवड करणाऱ्या साहेबांकडे जाणार. आहे तसा पाठवला तर काम मिळालंच म्हणून समजा, साहेब दोन पानांपुढे ऐकत नाहीत. पुसलं, तर हाताशी अर्धा तास. आणि नमुन्याला वीस पानं तरी लागतात."

"पुसा," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "पण आता तिला कुठला आवाज द्यायचा, ते नाही हं मला माहीत."

तेवढ्यात बाहेर छकुलीला सांभाळत बसलेली तिची आई दार ढकलून आत डोकावली. खांद्यावर छकुली, ओठ काढून, रडायच्या बेतात.

"आटप गं बाई. पोरगी उठली. किती वेळ चाललंय ते वाचन?"

तिने हेडफोन गळ्यात सरकवले. छकुलीचं पाऊल हातात घेऊन त्याची पापी घेतली.

"दूध पिशवीत आहे, आई. मला अजून अर्धा तास हवाय."

आई क्षणभर बघतच राहिली. मग "बरं" म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले.

"ताई, माइक चालू होता. आईंना म्हणालात ते आलं इकडे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "हाच आवाज. हाच द्या नटीला."

तिने गोंधळून काचेकडे पाहिलं.

"कुठला?"