चाकं काढणारा फिटर

"हा माइक नुसता कुंई कुंई करतोय," आमच्या शेजारी बसलेले निवृत्त सुपरवायझर कुरकुरले. स्टेजवर माझी लेक होती. नवं कसं सुचतं, हे कंपन्यांना शिकवत ती वीस वर्षं फिरतेय. आज तिच्या बाबांच्या, म्हणजे ह्यांच्या, जुन्या कारखान्यात आली होती.

"तुम्ही हे कुठे शिकलात?" कुणीतरी विचारलं.

"बाबांकडून. ते इथेच फिटर होते. यंत्राला काय जोडू, याच्याआधी त्यातलं काय काढू, हे बघायचे."

मी आपली ताठ बसले. बाकीचे छताकडे बघू लागले. झाकणं बसवणारं ते गाजलेलं यंत्र कुणी सुधारलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्रावरच्या पाटीवर मात्र शेजारच्या या सुपरवायझरांचं नाव. ह्यांनी माझा हात दाबला, गप्प बस म्हणून.

तेवढ्यात सुपरवायझरच उठले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यातली तीन चाकं काढली ती यानं. मी फक्त माझं नाव घातलं."