त्याला लागलेलं पुस्तक

"वाचल्याबिगर मी पुस्तक इकत न्हाई," दादाभाऊ जुन्नरच्या भर पेठेत छाती पुढं काढून सांगत होते. "माणसाचं तोंड बघायचं अन् पुस्तक काढून द्यायचं. माझ्या पसंतीचं एक जरी माघारी आलं, तर ही पाटी उतरवतो."

पाटी मोठी होती. 'दादाभाऊंची पसंती. नाही आवडलं तर परत.'

तेवढ्यात भिमा आला आणि त्यानं काखेतलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "भाऊ, हे न्हाई चाललं."

समोरच्या टपरीवर चहा गाळणारा चिमाजी गाळणी हातात धरून तसाच थांबला.

भिमा डिंगोऱ्याकडचा, मेंढरं राखणारा. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा दुकानात आला, तेव्हा म्हणाला होता, "रेडिओची सवय झाली त्याला. आता पुस्तक वाचून बघू म्हणलं. बोलणं लई असंल असं द्या." दादाभाऊंनी तोंड बघून रहस्यकथा दिली होती.

"का, काय झालं?"

"सगळी चोरपावलानं चालत्यात ह्यात. वरडत कुणीच न्हाई. वाचून वाचून आमच्या गजराचा घसा बसला, पण त्यो काय हलला न्हाई."

गजराबाई भिमाची बायको. ती वाचायची आणि दुसरं कुणीतरी ऐकायचं, एवढं दादाभाऊंना कळलं.

"त्यो म्हंजी कोण?"

भिमानं इकडंतिकडं बघितलं. "नाव न्हाई काढत आमी त्याचं."

दादाभाऊंनी गुपचूप रहस्यकथा टेबलाखाली सारली आणि भयकथा पुढं केली. "ही न्या. मी वाचली तवा घरातला दिवा घालवला नव्हता." खरं तर त्यांनी मागच्या कव्हरावरचा मजकूर तेवढा वाचला होता. दुकानातल्या जवळजवळ सगळ्याच पुस्तकांचा त्यांचा अभ्यास तेवढा होता.

भिमा गेला तसा चिमाजी ओरडला, "शिडी आणू का, दादाभाऊ?"

"अदलाबदल झाली. माघारी न्हाई आलं!"

भयकथाही आली. पानापानात लोकर अडकलेली.

"गजराच भ्याली, भाऊ. गपगार झाली. अन् ती गप झाली की त्यो जवळ सरकतो."

"अन् तुमी काय करता?"

"मी काय करणार? तोंडावर बॅटरी मारतो."

दादाभाऊंना हे प्रकरण काही सरळ वाटेना. तरी त्यांनी प्रेमकथा दिली. ती आली तेव्हा तिचं कव्हर उभं फाटलं होतं.

"कुणी फाडलं?"

"त्यानंच. कुजबुज लई व्हती ह्यात. आवडलं नसंल."

त्या संध्याकाळी चिमाजी चहा घेऊन दुकानातच येऊन बसला. "राव, कळत कसं न्हाई तुमाला? नारायणगावला त्यो ऋषी नावाचा पोरगा पुस्तकाचं दुकान काढतोय. एसी, सोफा, कॉफी. मग एक माणूस नाव लपवून, दुसऱ्याच्या हातून, तुमच्याकडनं एकेक प्रकार मागवतो. फाडतो, माघारी धाडतो. कोण असंल?"

दादाभाऊंनी कप खाली ठेवला. ऋषीच! उद्घाटनाला तो माघारी धाडलेली पुस्तकं मोजून सांगणार, 'दादाभाऊंची पसंती बघा!' मग त्यांच्या पायऱ्या कोण चढणार? दुकानात विकण्यासारखं दुसरं होतं काय? पुस्तकं सगळीकडंच मिळतात. पसंतीच तेवढी त्यांची होती.

त्यांनी सापळा लावला. सगळ्यात वरच्या फळीवर एक जाडजूड कादंबरी धूळ खात होती. त्यात एक निवृत्त हेडमास्तर ओट्यावर बसून जगण्याचा विचार करतो. शेवटपर्यंत ओट्यावरच बसतो. हे एकच पुस्तक दादाभाऊंनी उघडून वाचायला घेतलं होतं, पाच-सहा वेळा. दरवेळी चौथ्या पानावर त्यांना झोप लागली होती.

"ही आवडली म्हणणारा माणूस खोटारडा," ते चिमाजीला म्हणाले. "भिमाच्या हातनं हीच धाडतो. एकदा आवडली म्हणू दे. मग दावतो."

भिमा पुढच्या खेपेला आला तो हात हलवत.

"पुस्तक?"

"माघारी न्हाई द्यायचं, भाऊ! लई लागलं त्याला! रोज येतो अन् गप पडून राहतो. पुस्तक संपलं की गजरा पुना पहिल्यापासनं सुरू करती."

दादाभाऊंनी चिमाजीकडं बघून डोळा मारला. "चला. मला आत्ता भेटायचंय त्याला."

"आत्ता? नका, भाऊ..."

"घाबरतो का मी त्याला?" दादाभाऊ भिमाच्या मोटरसायकलवर मागं बसलेसुद्धा. वाटभर ते ऋषीला काय काय सुनवायचं ते पुटपुटत होते.

डिंगोऱ्याच्या अलीकडं, उसाला लागून मेंढरांचा वाडा होता. भोवती जाळी, मधे दिवा. पालथ्या घमेल्यावर बसून गजराबाई एका सुरात वाचत होती. हेडमास्तर अजून ओट्यावरच होता.

"कुठंय ऋषी?" दादाभाऊ कडाडले.

भिमानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि हनुवटीनं जाळीच्या पलीकडं दाखवलं. उसाच्या कडेला, पुढच्या पायांवर डोकं टेकून, एक थोराड बिबट्या गाढ झोपला होता.

"माणसाचा आवाज चालू ठिवला तर त्यो मेंढराला शिवत न्हाई," भिमा कानात म्हणाला. "पळून जाईल असं पुस्तक मागत व्हतो मी. तुमी झोपंल असं दिलं. लई उपकार झाले. फकस्त आवाज थांबला की उठतो."

गजराबाईला ठसका लागला. बिबट्याचा कान हलला. तिनं घाईघाईनं पुस्तक दादाभाऊंच्या हातात कोंबलं, त्यांना खांद्याला धरून घमेल्यावर बसवलं आणि पाणी प्यायला झोपडीत गेली. भिमा तिच्या मागोमाग गेला.

दादाभाऊंनी पहिलं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

चौथ्या पानावर त्यांना झोप लागली.