हो बाई!

पहिल्या बाकावरच्या मैनाच्या पाटीचा पडदा काळा पडला, पाठोपाठ शेजारच्या इरफानचाही. गोसावी बाईंच्या हातातला खडू थांबला. पाटी विझली म्हणजे त्या मुलावरचा सरकारी खर्च बंद. मग वर्षभर त्याला ना धडा, ना पुस्तक, ना दुपारची खिचडी.

"अरे, अपूर्णांक आत्ता कुठे सुरू केलेत!" बाई भिंतीवरच्या यंत्रावर खेकसल्या. "यांना अजून काही येत नाही."

"येतं," यंत्र शांतपणे म्हणालं. "आजपासून नवा नियम, ज्याला समजलं, त्याच्यावर पैसा घालवायचा नाही. यांचा वाटा दुसऱ्या शाळेला गेला."

"यांना समजलंय, हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुम्ही मघाशी विचारलंत, तेव्हा दोघं मोठ्यानं हो म्हणाली. मागच्यांचा आवाज नीट आला नाही."

आजवर प्रत्येक धड्याच्या शेवटी बाई तेच विचारत आल्या होत्या आणि वर्ग एका सुरात तेच उत्तर देत आला होता. खरंच कुणाला काय कळलं, ते त्यांनी कधी खोदून पाहिलं नव्हतं.

मैना काळ्या पाटीवर बोट घासत होती. मागच्या पाट्या अजून उजळ होत्या. बाई धावत बाकांच्या मधोमध आल्या.

"पोरांनो, नीट ऐका. आता कुणीही काहीही विचारलं, तरी हो म्हणायचं नाही. अजिबात नाही. समजलं का?"

बाईंनी जीभ चावली.

"हो बाई!" सगळा वर्ग घसा ताणून ओरडला.