आईवेलीचं पाणी

लेकीनं मनीप्लांटची फांदी चोरून नेली म्हणून हौसाबाई चिडल्या नव्हत्या. तो चोरूनच लावायचा असतो. पण पुण्याला नेऊन बाटलीत लावल्यावर मंदा तिच्यात थेंबभर पाणी घालत नव्हती, ही कुठली रीत? या नव्या जातीची तोडलेली फांदी कितीही लांब असो, तहानली की आईवेलीचंच पाणी ओढायची. रोज बादल्या ओतून हौसाबाईंचे खांदे भरून आले होते, तरी त्यांची वेल पिवळीच.

मंदानं फोनवर कौतुकानं वेल दाखवली. "बघ आई, पाण्याशिवाय कशी हिरवीगार!"

हौसाबाईंनी बादली खाली ठेवली.

"राहील की हिरवी, आई वाळेस्तोवर. ही बादली आता मी उचलायची नाही. तुझ्या वेलीला तू पाज, नाहीतर जाऊ देत दोघी."